मुंबईचं लँडिंग सुरतेपासून सुरू होतं

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'काय आहे ना' बरेचसे गाळले आहेत. काही राहिले असतील, चालवून घ्या.)

मागच्या महिन्यात डोंबिवलीच्या एका काकूंचा व्हॉइस मेसेज आला. त्या दिल्लीहून मुंबईला येत होत्या. चाकं बाहेर आली, खाली इमारती दिसायला लागल्या, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या मोजता येतील इतकं विमान खाली आलं, आणि एकदम इंजिनांचा आवाज वाढला, पाठ सीटला टेकली, विमान परत वर. पुढची पाच मिनिटं कॉकपिटमधून काहीच घोषणा नाही. मागच्या सीटवरचा कुणीतरी म्हणाला, "पायलट नवीन दिसतोय." काकूंचा प्रश्न असा: खरंच नवीन होता का? आणि आपण थोडक्यात वाचलो का?

याचं उत्तर दोन वाक्यांत देता येईल, पण मग ते पटणार नाही. त्यासाठी मला तुम्हाला त्या क्षणाच्या अर्धा तास मागे न्यावं लागेल. कारण लँडिंग बिघडतं तेव्हा ते बऱ्याचदा धावपट्टीजवळ बिघडलेलं नसतं. ते दोनशे किलोमीटर आधी बिघडलेलं असतं.

मी ए-३२० उडवतो. समजा आपण ३६,००० फुटांवर आहोत आणि मुंबईला उतरायचंय. मुंबई समुद्रसपाटीला, म्हणजे ही सगळी उंची घालवायची. कुठून सुरुवात करायची? विमानातला कॉम्प्युटर ती जागा काढून देतो, स्क्रीनवर खूण दाखवतो. तिला आम्ही 'टॉप ऑफ डिसेंट' म्हणतो. उतरणीचा माथा म्हणा. पण प्रत्येक पायलट हे गणित डोक्यातही करतो, आणि ते तिसरीतल्या मुलाला जमेल असं आहे. तीनचा पाढा. दर हजार फूट उंचीला तीन नॉटिकल मैल अंतर. छत्तीस त्रिक एकशेआठ. त्यात वेग कमी करायला दहाएक मैल मिळवा. झाले साधारण १२० नॉटिकल मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. मुंबईपासून उत्तरेला सरळ रेषेत तेवढं मोजलं की सुरत येते. तुम्ही सुरतेवर कॉफीचा कप परत देत असता, तेव्हा आमच्या दृष्टीने मुंबईचं लँडिंग सुरू झालेलं असतं.

त्याच्याही आधी, दहा-पंधरा मिनिटं, ब्रीफिंग झालेलं असतं. कुठली धावपट्टी, वारा किती, ढग किती खाली, धावपट्टी ओली का कोरडी, उतरता आलं नाही तर कुठे वळायचं, पर्यायी विमानतळ कुठला, इंधन किती. दोघांपैकी एक जण विमान उडवतो आणि दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो, रेडिओ सांभाळतो. हा 'लक्ष ठेवणारा' पुढे महत्त्वाचा आहे.

मग इंजिनं आयडलला जातात. तुम्हाला कळतं ते. आवाज एकदम मऊ होतो, नाक किंचित खाली होतं. काही लोक घाबरतात की इंजिन बंद पडलं का. बंद नसतं, वीज आणि केबिनमधली हवा तिथूनच येते, पण पुढे ढकलण्याचं काम जवळजवळ थांबलेलं असतं. खंडाळ्याच्या घाटात आपण सांगतो ना, उतारावर न्यूट्रल टाकू नका? आम्ही रोज जवळपास तेच करतो. आयडलवर विमान एक फूट खाली जाताना साधारण अठरा फूट पुढे जातं. तीनचा पाढा आला तो इथूनच. आणि पैसेही इथेच वाचतात, कारण त्या शेवटच्या सव्वादोनशे किलोमीटरमध्ये इंधन फार थोडं जळतं. लवकर खाली आलो तर जाड हवेत सपाट उडत इंधन जाळत बसावं लागतं. कंपनीला ते आवडत नाही. पण लवकर खाली येण्यात फक्त पैसे जातात. उशिरा खाली येण्यात काय जातं, ते पुढे सांगतो.

एक छोटं वळण, कारण कानांबद्दल दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. वर असताना केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असते तेवढी विरळ असते. विमान जमिनीवर येईपर्यंत हा दाबही जमिनीइतका करावा लागतो. पंचवीस मिनिटं मिळाली तर केबिन मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फूट या हिशेबाने 'उतरते' आणि बहुतेकांच्या कानांना ते झेपतं. गिळत राहा, जांभई द्या. लहान बाळ असेल तर इंजिनांचा आवाज मऊ झाला की तेव्हाच त्याला उठवून दूध पाजायला घ्या, चाकं बाहेर यायची वाट बघू नका. जबर सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, हेही सांगून ठेवतो.

परत आपल्या घाटाकडे. गाडी आणि विमान यात एक मोठा फरक आहे, आणि सगळी गोम तिथे आहे. गाडीला ब्रेक आहे. उतार कितीही असो, ब्रेक दाबला की वेग कमी होतो. हवेत तसा ब्रेक नाही. खाली जायची घाई केली, नाक खाली घातलं, की वेग वाढतो. वेग कमी करायचा तर नाक वर धरावं लागतं, मग उंची कमी होत नाही. ट्रेनिंगमध्ये पहिल्या आठवड्यात कानावर पडतं: एक तर खाली ये, नाही तर हळू हो. दोन्ही एकदम मागू नको.

उंची आणि वेग या एकाच खात्यातल्या दोन रकमा आहेत. आकड्यात सांगतो, मला हा आकडा आवडतो. ताशी २५० नॉटचा वेग १४० नॉटवर आणायचा, म्हणजे जेवढी ऊर्जा टाकून द्यायची, ती सुमारे १,९०० फूट उंचीच्या ऊर्जेएवढी भरते. म्हणजे एखादा पायलट 'उंची बरोबर आहे, फक्त वेग जास्त आहे' असं म्हणाला, तर तो खरं तर जवळजवळ दोन हजार फूट वर आहे. फक्त उंचीच्या काट्यावर ते दिसत नाही.

ब्रेकसारखं काही अगदीच नाही असं नाही. पंखांवरच्या पट्ट्या उभ्या राहतात, ते स्पीडब्रेक. विमान बारीक थरथरतं, खिडकीशी बसलेल्यांना दिसतं. त्यानेही भागलं नाही तर चाकं लवकर काढायची. चाकं म्हणजे हवेत धरलेला नांगरच. पण ए-३२०ची चाकं २५० नॉटच्या वर काढता येत नाहीत, मोडतील. म्हणजे ज्या वेळी ती सगळ्यात जास्त हवी असतात, त्या वेळी आधी वेग कमी करा मग वापरा, असा मामला.

म्हणून पूर्ण उतरणभर डोक्यात तो पाढा चालू असतो. दहा हजार फूट, तीस मैल, ठीक. आठ हजार, बावीस मैल, अरे, थोडे वर आहोत. दुसरा हिशेब खाली जाण्याच्या गतीचा: जमिनीच्या तुलनेत जो वेग, त्याला पाचने गुणा. १४० नॉट असेल तर मिनिटाला ७०० फूट. ४५० असेल तर सव्वादोन हजारांच्या आसपास.

कॉम्प्युटर असताना ही उठाठेव कशाला? कारण कॉम्प्युटरला तुम्ही जो रस्ता सांगितलाय, त्याचंच गणित तो करतो. पाठीमागून वारा आला तर विमान ठरल्यापेक्षा लवकर पुढे सरकतं आणि उंची तशीच राहते. पावसाळ्यात आपल्याकडे ही गंमत असते: वरती वारा पूर्वेचा, खाली मान्सूनचा पश्चिमेचा. हैदराबादहून मुंबईला येताना वर वारा ढकलतो आणि खाली तोच अडवतो. ढगात शिरलो आणि इंजिनांचं बर्फरोधक चालू केलं की आयडल थोडं चढतं, उतरण उथळ होते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आकाशात आपण एकटे नसतो. मुंबईत धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी बहुतेक एकच वापरात. त्या एकीवर सगळी विमानं बसवायची. कंट्रोलर कधी म्हणतो, थांबा, अजून खाली येऊ नका, तुमच्याखाली दुसरं विमान आहे. कधी समुद्रावर चकरा मारायला लावतो. आणि कधी खूश होऊन शॉर्टकट देतो.

प्रवाशांना शॉर्टकट म्हणजे दहा मिनिटं आधी घर. पायलटच्या डोक्यात वेगळं गणित: वीस मैल कमी झाले, म्हणजे साडेसहा हजार फूट अचानक जास्त झाले. ते आता कुठे टाकू?

हा प्रश्न किती महाग पडू शकतो, याचं आपल्या देशातलं उदाहरण मंगळूरचं आहे. २२ मे २०१०ची पहाट. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७ मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे गेलं आणि दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली, आठ वाचली. बातम्यांमध्ये तेव्हा टेबलटॉप धावपट्टीची चर्चा फार झाली. पण चौकशी अहवाल वाचलात तर कहाणी धावपट्टीच्या खूप आधी सुरू होते. मंगळूरचं रडार त्या दिवसांत बंद होतं. रडार नसल्यामुळे विमानांमध्ये अंतर राखायला कंट्रोलला जास्त काळजी घ्यावी लागते, त्यामुळे खाली यायची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली. विमान ३७,००० फुटांवर होतं. सदतीस त्रिक एकशेअकरा, वर वेगासाठी दहा. आणि उतरण सुरू झाली ७७ मैलांवर.

आता पहा, ७७ मैलांवर सुरुवात केली म्हणून अपघात ठरलेला नव्हता. "आम्ही फार वर आहोत, एक चक्कर मारून येतो," एवढं रेडिओवर म्हटलं असतं की हिशेब मिटला असता. सात-आठ मिनिटं गेली असती. अहवाल सांगतो की उतरणीचं नियोजन नीट झालं नाही. कॅप्टन उड्डाणाचा बराच काळ झोपलेले होते, आणि गाढ झोपेतून उठल्यावर डोकं जड असतं तसं ते असावं, असंही त्यात येतं. स्पीडब्रेक उघडे, चाकं साडेआठ हजार फुटांवरच बाहेर, तरी विमान वरच. को-पायलटने तीन वेळा 'गो अराउंड' म्हटलं. विमानातली यंत्रणा ओरडून इशारे देत होती. विमान टेकलं ते ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर सुरुवातीपासून सुमारे ५,२०० फूट पुढे. चौकशीने थेट कारण म्हणून जे लिहिलं, ते हेच: बिघडलेला अ‍ॅप्रोच सोडून न देणं.

मृत माणसावर सगळं ढकलून मोकळं होणं सोपं असतं. ते मला करायचं नाही. रात्रभराची ड्युटी, बंद रडार, उशिराची परवानगी, यातलं काहीच त्या कॅप्टनच्या हातात नव्हतं. शेवटची दोन मिनिटं होती. मला जास्त छळतात ती को-पायलटची तीन वाक्यं. एकदा नाही, तीनदा. आपण त्या खुर्चीत असतो तर तिसऱ्यांदा बोललो असतो का? पहिल्यांदा तरी?

याचं उत्तर मला काही वर्षांनी मिळालं, आणि ते फारसं अभिमानाचं नाही.

मी तेव्हा को-पायलट, उजव्या खुर्चीत, तासही फार नव्हते. कॅप्टन माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, नागपूरचे, त्यामुळे वर असताना आमच्या गप्पा मराठीत. स्वभावाने अतिशय चांगला माणूस. समुद्रसपाटीजवळचा एक विमानतळ, स्वच्छ दुपार. कंट्रोलरने शॉर्टकट दिला आणि सरांनी लगेच घेतला. २५ मैल उरले होते आणि आम्ही साडेअकरा हजार फुटांवर, वेग २९० नॉट. पाढ्याप्रमाणे सव्वाआठ हजारांच्या आसपास असायला हवं होतं. मला ते दिसत होतं. सरांनाही दिसत होतं. दहा हजार फुटांखाली २५० नॉटची मर्यादा, म्हणजे तिथे वेग मारायला आणखी मैल गेले. मग स्पीडब्रेक, मग चाकं. सर म्हणाले, "होईल रे, बसेल."

आमच्यात एक दार असतं, हजार फुटांवर. तिथे पोचेपर्यंत विमान लँडिंगच्या पूर्ण तयारीत हवं: चाकं, फ्लॅप्स, ठरलेला वेग, मिनिटाला हजार फुटांच्या आत उतरण, आणि इंजिनं आयडलवर नव्हे तर थोडी फिरलेली. इंजिनांची अट का? कारण आयडलवरून पूर्ण जोर यायला काही सेकंद लागतात, आणि गरज पडेल तेव्हा ते सेकंद नसतात. यातली एक जरी अट अपुरी असेल तर लक्ष ठेवणाऱ्याने मोठ्याने सांगायचं आणि उडवणाऱ्याने वर जायचं. चर्चा नाही.

त्या दारातून आम्ही गेलो तेव्हा वेग ठरल्यापेक्षा २५ नॉट जास्त, उतरण मिनिटाला तेराशे, इंजिनं आयडलवर. मी काय म्हणालो? "सर, स्पीड." बस. ट्रेनिंगमध्ये शंभर वेळा घोकलेले शब्द होते, आणि तोंडातून काय आलं, तर वर्गात सरांची फळ्यावरची चूक दाखवताना निघावा तसा आवाज. सर म्हणाले, "करेक्टिंग." काटा हलत नव्हता. आठशे फूट. मला स्वतःच्या छातीचे ठोके हेडसेटमध्ये ऐकू येत होते. सातशेला मी ओरडलो, "अनस्टेबल, गो अराउंड!" आवाज फाटला. दीड-दोन सेकंद काही नाही. मग सरांनी थ्रॉटल पुढे ढकलले, "गो अराउंड, फ्लॅप्स," आणि आम्ही वर.

पंधरा मिनिटांनी, पूर्ण लांबीचा अ‍ॅप्रोच घेऊन, लोण्यासारखं लँडिंग. गेटवर इंजिनं बंद झाल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं. सर म्हणाले, "तू 'स्पीड' म्हणालास तेव्हा मला फक्त स्पीड ऐकू आला. मी स्पीडच बघत बसलो. जे म्हणायचंय ते आधी म्हणायचं." आणि रिपोर्ट त्यांनी स्वतः भरला. नियमाप्रमाणे भरावाच लागतो, पण पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं की शॉर्टकट घ्यायला नको होता.

आता मी डाव्या खुर्चीत बसतो. पहिल्या भेटीतच नव्या मुला-मुलींना सांगतो की 'सर, स्पीड' म्हणू नका, वाक्य पूर्ण म्हणा. तरी मुलं 'सर' म्हणतातच. घरी वडीलधाऱ्यांना उलट बोलायचं नाही हे वीस वर्षं शिकवलेलं असतं, ते हजार फुटांवर अचानक विसरायला सांगतो आम्ही. सोपं नाही ते.

तर काकू, तुमच्या विमानात नक्की काय झालं ते मला इथे बसून सांगता येणार नाही. तुम्ही पूर्वेकडून, नवी मुंबई आणि ठाण्याची खाडी ओलांडून घाटकोपरवरून येत असाल, तर टाक्या दिसत होत्या म्हणजे हजार फुटांच्या बरेच खाली होतात. तिथून वर जाण्याची मुंबईतली एक नेहमीची शक्यता म्हणजे पुढचं विमान धावपट्टीवरून वेळेत बाहेर पडलं नाही. किंवा वाऱ्याचा झोत आला. किंवा वर सांगितलं तसं हिशेब जुळला नाही आणि कुणीतरी वेळेवर बोललं. तिन्हींमध्ये थोडक्यात वाचण्याचा प्रश्न नाही. वर जाणं हा त्या अ‍ॅप्रोचचा ब्रीफिंगमध्येच ठरलेला दुसरा रस्ता असतो. आणि मागच्या सीटवरच्या भाऊंना सांगा, नवीन पायलट वर जायला कचरत नाहीत, त्यांना पुस्तक ताजं असतं. कचरतो तो 'बसेल' म्हणणारा अनुभव.

पाच मिनिटं घोषणा का नाही? कारण त्या पाच मिनिटांत चाकं आत, फ्लॅप्स आत, नवी उंची, नवी दिशा, कंट्रोलरशी बोलणं, कॉम्प्युटरमध्ये अ‍ॅप्रोच परत भरणं, इंधन बघणं, हे सगळं दोघांनी करायचं असतं. आधी विमान, मग दिशा, मग बोलणं, या क्रमात तुमचा नंबर शेवटी लागतो. राग मानू नका.

आणि तुमच्या मेसेजच्या शेवटी होतं ते, "एवढं फिरलो, पेट्रोल संपलं असतं तर?" निघतानाच मुंबईपर्यंतचं, तिथे उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर आणखी अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं इंधन भरलेलं असतं. तो शेवटचा अर्धा तास कुणी ठरवून वापरत नाही. त्याला हात लागेल असं दिसलं तर आम्ही रेडिओवर आणीबाणी जाहीर करतो आणि सगळे बाजूला होतात.

पुढच्या भागात लेह. तिथे धावपट्टीच १०,६८२ फुटांवर आहे, त्यामुळे आजचा तीनचा पाढा मध्येच संपतो आणि भोवताली डोंगर असल्यामुळे चूक मिटवायला चक्करही मनासारखी मारता येत नाही. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, काकूंसारखे सविस्तर पाठवलेत तर जास्त बरं. भेटू.